केळीच्या धाग्याचा करदोडा

मॅडमनं सांगितलं होतं, क्लासचं प्रदर्शन झालं की प्रत्येकानं एक पान लिहून द्यायचं. विषय काय, तर माध्यमानं तुम्हाला काय शिकवलं. माध्यम म्हणजे ज्या वस्तूपासून आपण काहीतरी बनवतो ती वस्तू, असं तिनं मी विचारल्यावर सांगितलं. मग वस्तूला वस्तूच का म्हणायचं नाही, हेही मी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची शाळा लांब होती आणि बाप म्हणाला, केळीला वाचता येत नाही. तरी अक्षर माझं चांगलं होतं. ग्रामपंचायतीत माझी सही बघून नवा ग्रामसेवक म्हणाला होता, आबा, तुम्ही शिकलेले दिसता. आता हे थोडं उजव्या हातानं लिहितोय आणि कंटाळलो की डाव्यानं. वाचणाऱ्यानं डोळे ताणावेत. एका पानात मावणार नाही, तेही मॅडमनं समजून घ्यावं. थर्माकोलला बोलतं करणाऱ्या बाईला एवढं जड जाऊ नये.

आमचं गाव रावेरकडे. घरी केळी, थोडा कापूस. मागच्या दिवाळीनंतर कांदेबागेत, म्हणजे दिवाळीच्या सुमारास लावलेल्या केळीत, ठिबकची नळी सरळ करायला वाकलो आणि तिथेच आडवा झालो. उजव्या अंगाला लकवा. जीभ चार-दोन दिवसांत सुटली. घरच्यांचं म्हणणं, ती सुटली नसती तरी चाललं असतं. पाय हळूहळू चालायला लागला. हात मात्र नुसता लोंबत राहिला, केळीचं वाळलेलं पान खांबाला लोंबतं तसा.

धाकटा मुलगा धुळ्याला सरकारी ऑफिसात आहे. त्यानं मला धुळ्याच्या दवाखान्यात आणून टाकलं. तिथे पहिल्याच दिवशी नर्सनं कात्रीनं माझा करदोडा कापला. कळायला लागल्यापासून माझ्या कमरेला करदोडा आहे. जुना झाला की आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा, कंबर रिकामी ठेवायची नाही. तिनं तो कापला, कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि मला हिरवा झगा घातला. दवाखान्यातून सुटलो तर सुनेनं इलास्टिकचा लेंगा आणून ठेवलेला. त्याला नाडीसुद्धा नाही. बाळाला घालतात तसा वर ओढला की झालं. धोतर नेसायला दोन हात लागतात, निऱ्या घालायला बोटं लागतात, आणि माझ्याकडे त्यातलं अर्धंच होतं.

मी दवाखान्यात होतो तोवर आमची म्हातारी राहिली. मग घरी म्हैस आहे म्हणून निघाली. मी म्हटलं, मीही येतो, तू मला धोतर नेसवून देत जा. तिनं पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, "मी पोरं नेसवली, नातवंडं नेसवली. आता तुम्हाले नाही नेसवणार. आपल्या हातानं धोतर नेसाल त्या दिवशी घरी या."

सून म्हणाली, आई गंमत करताहेत. मी तिच्यासोबत सगळा जन्म काढलाय. ती गंमत करत नाही. मी रबरी चेंडू दाबायला नको म्हटलं होतं, ते तिनं पाहिलं होतं. मला ओढून कामाला लावता येत नाही, चिडवून लावता येतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आणि लेंगा घालून गावच्या स्टँडवर उतरायचं नाही, हे तर मी तिच्या आधीच ठरवलं होतं. पण मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, आत पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, त्यावर सांजोऱ्या आणि आंबे. घरातला सगळ्यात मोठा पुरुष आंघोळ करून, धोतर नेसून पाटावर बसतो, उजव्या हातानं पितरांना पाणी सोडतो आणि निखाऱ्यावर त्यांच्या नावानं घास टाकतो. त्याला आगारी म्हणतात. बाप गेल्यापासून त्या पाटावर मी बसतोय. लेंगा घालून तिथे कोणी बसत नाही. मी पोचलो नाही तर थोरला मुलगा बसणार हे उघड होतं. थोरला चांगला आहे, शेती नीट बघतो. पण बाप जिवंत असताना मुलगा त्या पाटावर बसला, की गावाच्या लेखी बाप भिंतीवरच्या फोटोत गेला.

तर माझ्यापुढे एवढंच होतं. आखाजीच्या आत धोतर. माध्यमाशी माझं दुसरं काही देणंघेणं नव्हतं.

त्या चेंडूचंही सांगून टाकतो. व्यायामाच्या डॉक्टरनं तो दिला आणि दाबत बसा म्हणाला. मी विचारलं, दाबून काय निघणार? काही निघणार नाही म्हणाला. ज्यातून काही निघत नाही ते काम मी आयुष्यात केलेलं नाही. चेंडू गच्चीवरून खाली गेला. मग तो डॉक्टर सुनेला म्हणाला, यांना हाताचं काहीतरी काम द्या. सुनेनं काम शोधलं ते हे.

धुळ्यात देवपूरकडे, धाकट्याच्याच कॉलनीत एका बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याचं शेड आहे. चित्रकलेचं कॉलेज करून आलेली एक मुलगी तिथे रिकाम्या म्हाताऱ्यांचा क्लास घेते. माझ्या नातीच्या वयाची, पण मॅडम म्हणायचं. दर आठवड्याला एक नवी वस्तू, आणि ओळखीची वस्तू घ्यायचीच नाही असा तिचा नेम. ओळखीच्या वस्तूशी हात जुन्या सवयीनं वागतो म्हणे. अनोळखी वस्तूशी संवाद साधावा लागतो. क्लासला रिटायर झालेल्या काही बायका होत्या आणि शिंदखेड्याकडचे एक रिटायर हेडमास्तर. इस्त्रीचा झब्बा, खिशाला पेन, आणि मॅडमनं काहीही दाखवलं की वा, वा. पोरांना छड्या मारून हात तयार झालेला, त्यामुळे त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं जमायचं. बोलायचे पुस्तकातल्यासारखं आणि टोमणे मारायचे अहिराणीत. आमच्या रावेरकडे 'आहे'ला 'शे' म्हणत नाहीत, पण टोमणा कोणत्याही भाषेतला कळतो.

पहिल्या आठवड्यात थर्माकोल. ज्याला वजन नाही, वास नाही, ज्यात पाणी मुरत नाही आणि जे ढोरंही खात नाहीत, त्यापासून पक्षी कापायचा. ब्लेड चालवलं की दातांना शिरशिरी. त्याचे पांढरे दाणे लेंग्याला चिकटून घरापर्यंत आले. सून झाडायला गेली तर झाडूला चिकटले. हे मॅडमला सांगितलं तर म्हणाली, बघा आबा, त्याला तुमच्यापासून दूर जायचं नाहीये. मॅडमच्या बोलण्याला तोड नाही. माझा पक्षी पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरून उडाला आणि जिन्यात पडला. तेवढंच त्याचं उडणं.

मग तार. मनाला येईल ते करा म्हणाली. माझ्या मनाला दुसरं काय येणार, बैल आला. उजव्या काखेत तार दाबून धरायची आणि डाव्या हातानं वाकवायची. वाकवली तिकडे ती राहायची नाही, सोडली की परत आपल्या जागेवर. मास्तर शेजारून वाकून बघत होते.

"आबा, हाऊ बैल शे का बकरी?"

मी म्हटलं, मास्तर, तुमच्या शाळेतून दोन्ही शिकून गेले असतील, तुम्हीच ओळखा. बायका हसल्या. मास्तरही हसले. पण माझा बैल बकरीसारखा दिसतोय हे मला दिसत नव्हतं असं नाही.

कागदाच्या लगद्यावर तर मी शाईसुद्धा खर्च करणार नव्हतो. वर्तमानपत्र भिजवायचं, कुटायचं आणि त्याचा वाडगा करायचा. ज्यात पाणी ठेवता येत नाही तो वाडगा कशाला? शोभेला, मॅडम म्हणाली. माझ्या वाडग्याच्या बुडाशी कुठल्याशा पुढाऱ्याचा एक डोळा तसाच राहिला होता. तो सारखा माझ्याकडे बघायचा. मी त्याला पालथा घातला.

प्लास्टरचं मात्र नीट सांगायला पाहिजे, कारण त्यात माझं नाव खराब झालं. मॅडमनं प्रत्येकाला पांढऱ्या भुकटीची पिशवी दिली. तिच्यात पाणी घालून फरशी ओतायची आणि ती ओली असताना वर हाताचा ठसा उमटवायचा. मी मनात म्हटलं, अखेर एक ओळखीची गोष्ट आली. आमचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या छपराचं. दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती टाकायची आणि भिंतींना गारा लावायचा. माती, भुसा आणि पाणी पायानं तुडवायचं आणि झाकून मुरत ठेवायचं. चांगला आंबूस वास सुटला की मग तो गारा भिंत धरतो. कच्चा लावला तर पावसाळ्यात भिंत अंगावर येते. हे मला कोणी शिकवलेलं नाही, पायांनाच माहीत आहे.

मॅडम दुसऱ्या टोकाला मास्तरांची फरशी बघत होती. मी भुकटी घरून आणलेल्या बादलीत ओतली, पाणी घातलं, सुनेच्या लाकडी उलथण्यानं ढवळलं, वर ओलं पोतं टाकलं आणि हात पुसून बसलो. मॅडमनं विचारलं, आबा, तुम्ही अजून ओतलं नाही? मी म्हटलं, मुरू द्या, पुढच्या वेळी ओततो. ती पोतं उचलायला धावली, तोवर व्हायचं ते झालं होतं. उलथणं बादलीत उभंच्या उभं. उलथणं हलवलं की बादली हलायची.

मास्तर सावकाश आले, वाकून पाहिलं.

"आबा, बादलीमा महादेव बसाडा का?"

त्या दिवशी बायका किती हसल्या ते विचारू नका. मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो, जो मुरायला थांबत नाही त्याला गारा म्हणू नये. एवढी घाई असलेली वस्तू घर बांधायच्या कामाची नाही. सुनेनं बादली दगडावर आपटली, उलथणं मोडलं, बादली फुटली. आतून जो गोळा निघाला तो त्या बंगल्याच्या गेटला अजून अडण म्हणून लावतात. म्हणजे माझं काम उपयोगाला आलं. मास्तरांची फरशी कुठल्या उपयोगाला आली?

मॅडमनं दुसरी पिशवी दिली आणि या वेळी स्वतः ओतून दिलं. हात ठेवा म्हणाली. मी डावा पुढे केला तर म्हणाली, उजवा. उजवा हात डाव्यानं उचलला आणि त्या पांढऱ्या चिखलावर ठेवला. मला काही कळत नव्हतं. तो हात कुठे आहे ते तेव्हा डोळ्यांनी बघावं लागायचं, नाहीतर तो दारात अडकायचा, ताटात पडायचा. मॅडम कोणा बाईकडे गेली. मी तसाच बसलो. थोड्या वेळानं कुठूनतरी ऊब यायला लागली. आधी वाटलं, वरचा पत्रा तापलाय. मग वाटलं, चहाचा कप कोणी जवळ ठेवलाय. मग कळलं की ऊब तळव्याला लागतेय. उजव्या तळव्याला. ते प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापतं, हे मॅडमनं नंतर सांगितलं. तेव्हा ती लांबूनच म्हणाली, "आबा, हात काढा, गरम होतं ते."

"माहीत आहे," मी म्हटलं.

एवढंच बोललो. ज्या वस्तूनं माझी सगळ्यांसमोर शोभा केली, तिच्यापुढे मी याहून जास्त काही दाखवणार नव्हतो. ठसा कोंबडीच्या पायासारखा आला, बोटं गोळा झालेली. मास्तर तो बघून आपल्या जागी परत गेले. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. सुनेनं ती फरशी घरी आणून कुंडीखाली ठेवली आहे. तिची जागा तीच.

त्या दिवसापासून मी पेटीतलं धोतर घेऊन सकाळी न्हाणीघरात जायला लागलो आणि आतून कडी लावायला लागलो. तळव्याला कळत होतं. बोटं हळूहळू हलायला लागली, अंगठा शेजारच्या बोटाला भेटायला लागला. निऱ्या कशाबशा यायच्या. पण कमरेची गाठ घट्ट बसेना. निऱ्या खोचल्या की धोतर खाली. पुन्हा नेसायचं, पुन्हा खाली. सून बाहेरून दार वाजवायची, आबा, पडलात का? मी म्हणायचो, मी नाही, धोतर पडलं.

कारण माझ्या ध्यानात आलं. आत करदोडा नव्हता. धोतराची अर्धी पकड करदोड्याची असते. त्याच्यात खोचलं की गाठ थोडी सैल राहिली तरी चालते. सुनेनं बाजारातून काळा करदोडा आणून दिला. हल्ली तो नायलॉनचा मिळतो, गुळगुळीत. धोतर त्याच्यावरून घसरायचं आणि तो माझ्यावरून घसरायचा. आखाजी जवळ येत चालली होती. फोनवर म्हातारी एवढंच विचारायची, नेसलं का? मी म्हणायचो, इथे ऊन फार आहे. ती फोन ठेवून द्यायची.

अशात एका दुपारी मॅडमनं एक जुडी आणली. पिवळसर पांढरी, चमकदार, म्हातारीच्या केसांसारखी. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, आबा, ओळखा. मी ओढून पाहिलं, वास घेतला. वास औषधाचा. म्हटलं, अंबाडी नाही, ताग नाही, शहरातलं काहीतरी आहे. ती म्हणाली, केळीचा धागा आहे, तुमच्याच भागातला. मी म्हटलं, मॅडम, मी केळीत जन्मलो. घड कापला की खांब आम्ही बांधावर टाकतो. त्यात पाणी असतं, सालांची सोपटं असतात, किडे असतात. हे नसतं. तिनं मोबाइलवर दाखवलं. एक माणूस मशीनमध्ये खांबाची उभी फाक घालतो आणि दुसऱ्या बाजूनं हा धागा निघतो. खांब केळीचा होता, तेवढं मी मान्य केलं. पण मशीनमध्ये घातल्यावर काय वाट्टेल ते निघतं, त्याला केळी काय करणार.

मास्तर मान हलवत होते. "आबा, सोताना पोऱ्या वळखू येत नही का?"

 मी जुडी पुढे ओढली आणि कामाला लागलो.

मॅडमनं सांगितलं होतं, भिंतीवर टांगता येईल असं काहीतरी करा. बायकांनी फुलं घेतली, मास्तरांनी तोरण. माझ्या डोक्यात भिंत नव्हती, कंबर होती. धागा खरखरीत होता, आणि खरखरीत करदोड्यावर धोतर घसरत नाही. पण दोरी वळायची तर मांडी उघडी लागते. धोतर असलं तर वर सरकवलं की झालं. लेंग्यावर धागा नुसता घरंगळायचा. शेवटी मी खुर्ची भिंतीकडे फिरवली, बायकांकडे पाठ केली आणि लेंगा मांडीपर्यंत गुंडाळला. मॅडमनं घाबरून विचारलं, आबा, हे काय करताय?

"संवाद साधतोय," मी म्हटलं. "तुम्ही तिकडे बघा."

डाव्या हातानं धाग्याचं टोक धरायचं आणि उजव्या तळव्यानं मांडीवर दाबून पुढे ढकलायचं. बोटं कमी असली तरी चालतं, तळव्यात जोर पाहिजे. धागा तुटायचा. जोड दिला की जोडाशी तुटायचा. ओल्या सोपटाची दोरी मी पुष्कळ वळली आहे, ती मऊ येते आणि सांगितलेलं ऐकते. हा वाळलेला, औषधात धुतलेला, नुसता हट्टी. मांडीचे केस उपटून निघाले. थुंकी लावली तर थोडा नरमला, मग पाण्याचा गिलास मागवला. क्लास सुटला तरी मी उठलो नाही. मॅडमला कुलूप लावायचं होतं. ती जिन्याच्या पायरीवर मोबाइल बघत बसून राहिली, हे तिच्या बाजूनं लिहायला पाहिजे. दोन पदर एकमेकांवर वळून झाले तेव्हा कमरेला फिरून गाठीला पुरेल एवढी दोरी झाली होती. कुठे जाड, कुठे बारीक. मी ती खिशात घातली आणि घरी आलो.

सकाळी न्हाणीघरात ती कमरेला बांधली. कातडीला चावत होती, खाज सुटत होती. तिच्यावर धोतर नेसलं, निऱ्या खोचल्या आणि हात सोडला. धोतर राहिलं. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. तरी राहिलं. बाहेर आलो. सून पोळ्या करत होती. तिनं वर पाहिलं आणि तव्यावरची पोळी करपली. ती गावी फोन लावायला निघाली, मी नको म्हटलं. म्हातारी ऐकून मानणार नाही, बघून मानेल.

इथे सगळं संपायला हरकत नव्हती. पण मॅडमचं प्रदर्शन होतं. ती घरी आली आणि म्हणाली, प्रत्येकाचं एक काम पाहिजे. मी म्हटलं, कुंडीखालची फरशी घेऊन जा. पण सुनेनं कौतुकानं करदोड्याचं सांगून टाकलं होतं, आणि मॅडम तो बघितल्यावर हलेना. कमरेची वस्तू भिंतीवर कशी लावायची, मी विचारलं. ती म्हणाली, आखाजीच्या आत परत देते. माझी पोळी करपवणारी सूनही तिच्या बाजूनं बोलायला लागली. मी करदोडा धुऊन दिला आणि पुन्हा लेंग्यात गेलो.

आखाजीच्या आदल्या सकाळी पिशवीत धोतर टाकून मी धाकट्यासोबत रिक्षानं त्या हॉलवर गेलो. तिथून स्टँड, स्टँडवरून गाव. दारातच मास्तरांचा थर्माकोलचा मोर. माझा करदोडा पांढऱ्या भिंतीवर एका खिळ्याला, वर त्याच्यापुरता वेगळा दिवा. खाली चिठ्ठी: 'मुळांचा शोध. माध्यम: केळीचा धागा.' केळीची मुळं कुठे असतात ते मला माहीत आहे, मी ती शोधत नव्हतो. काही लोक हात मागे बांधून बघत होते. एक बाई दुसरीला म्हणाली, यात किती वेदना आहे. मी सांगणार होतो की वेदना नाही, खाज आहे.

मॅडमला म्हटलं, द्या, बस आहे. तिचा चेहरा पडला. कोणी मोठे कलाकार पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते, त्यांच्यासाठी प्रदर्शन वाढवलं होतं, आणि त्यांना माझंच काम दाखवायचं तिनं ठरवलं होतं. मी स्वतः गावी आणून देते म्हणाली.

"मॅडम, उद्या आखाजी आहे."

"मग तोवर दुसरा बांधा ना आबा."

"दुसऱ्यावर धोतर राहत नाही. आणि धोतर नाही तर मला घरी घेत नाहीत."

ती माझ्या लेंग्याकडे बघत राहिली. क्लासमध्ये मी कोणालाच हे सांगितलेलं नव्हतं. मास्तर मोराजवळ उभे राहून ऐकत होते. मी करदोडा काढायला हात वर केला, पण उजवा खांद्याच्या वर जात नाही आणि डाव्यात काठी. मास्तर आले. त्यांनी तो खिळ्यावरून काढला, बोटांनी चाचपला आणि माझ्या तळव्यावर ठेवला.

"ल्या आबा. आते कंबर सांभाळा."

त्यांच्याही झब्ब्याखाली करदोडा आहे, वाकले की दिसतो. हेडमास्तर झाले तरी माणूस खान्देशातलाच.

हॉलच्या मागे रिकाम्या खोक्यांची खोली होती. तिथे दार लावून मी धोतर नेसलं. वेळ लागला. धाकट्यानं दार वाजवलं, बस जाईल म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे, दुसरी येईल. बाहेर आलो तेव्हा त्या बाया अजून तिथेच होत्या. मी लेंगा घडी करून मॅडमच्या हातात दिला आणि म्हटलं, पाहिजे तर हा टांगा. यात खूप वेदना आहे.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हातारी ओट्यावर सांजोऱ्या भरत बसली होती. तिनं मला खालून वर पाहिलं.

"कोणी नेसवलं?"

"मी."

तिचा धाकट्याकडे डोळा गेला. त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. ती उठली, हात पदराला पुसले, माझ्या मागे आली आणि काष्टा धरून एक हिसका दिला, नव्या गोऱ्ह्याचं दावं ओढून बघतात तसा. धोतर हललं नाही. मी हललो, काठीवर सावरलो. ती परत सांजोऱ्यांकडे गेली आणि तिथून म्हणाली, सकाळी आंघोळ करून पुन्हा नेसा, मी बाहेर उभी आहे.

सकाळी ती खरंच उभी होती. तिच्यामागे थोरला, हातावर घडीचं नवं धोतर घेऊन, नाहून तयार. मी आत, ते बाहेर. सगळं ऐकू येत होतं. पहिल्या निऱ्या चुकल्या, सोडल्या. दुसऱ्या सुटल्या. थोरला हळू आवाजात म्हणाला, आई, ऊन वर आलं, आजच्या दिवस मी बसतो.

"थांब जरा," म्हातारी म्हणाली. "हायेत ते अजून."

मी निऱ्या खोचल्या आणि बाहेर आलो. थोरल्यानं हातातलं धोतर खुंटीला टांगलं आणि पाट पुढे सरकवला. मी बसलो. उजव्या हातानं पाणी सोडलं, त्यातलं अर्धं पाटावर सांडलं. पितरांनी काही तक्रार केली नाही. आगारीचा घास निखाऱ्याच्या कडेला पडला, तो मी बोटानं आत ढकलला. बोटाला चटका बसला, आणि तो मला कळला. कमरेला करदोडा सारखा खाजत होता. पाटावर बसून खाजवता येत नाही, म्हणून तसाच बसून राहिलो.

दुपारी आमरस झाल्यावर मॅडमचा फोन आला. पान लिहून झालं का विचारत होती. पुढचा आठवडा काचेचा आहे, आबा येणार का, असंही विचारलं. मी म्हटलं, काच आमच्या खिडकीला आहे, तिच्याशी बोलायचं काही राहिलेलं नाही. मग तिनं सांगितलं की ते मोठे पाहुणे येऊन गेले. रिकाम्या खिळ्यासमोर पुष्कळ वेळ उभे राहिले, खालची चिठ्ठी वाचली आणि फार धाडसाचं काम आहे म्हणाले.

मी म्हटलं, मॅडम, तो खिळा काढून टाका. कोणाचा तरी सदरा फाटेल.